अळणी

१७ नोव्हेंबर, रविवार

आईला आज कळंबला घेऊन आलो.

भाताची झोडणी चालू असताना तिला खळ्यावरच चक्कर आली आणि ती भाऱ्यांवर आडवी झाली, असा कुशाबामामांचा फोन आला होता. मामा आईचे धाकटे भाऊ, वाडीत तिच्या शेजारीच राहतात. मी काल वर डोंगरात वाडीला गेलो आणि आज आहुप्याहून येणाऱ्या पहिल्या एसटीने तिला खाली आणलं. इथल्या डॉक्टरांनी रविवार असूनही बघितलं. वरचं प्रेशर एकशे नव्वद. त्यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकणारी. "जेवणातलं मीठ जरा कमी करा. लोणचं, पापड, सुकट नको. पंधरा दिवसांनी आणा, रक्त तपासू," म्हणाले.

प्रेशर रोज लिहून ठेवायला सांगितलंय. पतसंस्थेने वाटलेली डायरी कोरीच पडली होती, ती काढली. आकडा एका ओळीत मावतो. उरलेलं पान मोकळं वाईट दिसतं, म्हणून हे बाकीचं.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. कळंबच्या स्टँडवर आमच्या शाळेचे पर्यवेक्षक दादाभाऊ सर भेटले. आईच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, हातात सुकटीचा पुडा. त्याचा वास बसभर सुटला होता. चपलेचा अंगठा तुटल्यामुळे ती अनवाणीच होती. सरांनी विचारलं, "कोण या?" मी म्हणालो, "गावाकडच्या. दवाखान्याचं काम आहे." आई दोन पावलं मागे होती. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

घरी येऊन बायकोला, उज्ज्वलाला, हे सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

प्रेशर १६०. उतरतंय.

मुलगा, समर्थ, पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती, ती आईला दिली. तिचं जेवण आता वेगळं शिजतं, पूर्ण अळणी. उज्ज्वला म्हणाली, "अहो, डॉक्टर कमी म्हणाले, बंद नाही म्हणाले." मी तिला सांगितलं की कमी म्हटलं की आपली माणसं चिमटीऐवजी चमचा घालतात. करायचं तर नीट करायचं. वीस वर्षं विज्ञान शिकवतोय.

पाण्याचंही बघितलं. एका व्हिडिओत एक डॉक्टर सांगत होते की वयस्कर माणसं पाणी कमी पितात, म्हणून रक्त दाट होतं. मी दोन मोठ्या बाटल्या आणल्या, त्यांवर मार्करने रेघा मारल्या आणि आईला समजावलं की शाळेतून येईपर्यंत या रेघेपर्यंत संपलं पाहिजे, झोपायच्या आधी सगळं.

ती बाटलीकडे बघत राहिली. "थंडीचं येवढं पानी कशाला? म्हशीला बी आमी येवढं पाजत न्हाई."

"आई, तुझं रक्त साफ होतंय त्याने."

"बरं," म्हणाली.

तिचं असंच असतं. बरं म्हणते आणि मनातलं करते. म्हणून मी रेघा मारल्या.

२६ नोव्हेंबर

प्रेशर १४४.

आठवीला पेशींचा धडा. निवडणुकीच्या कामामुळे मागे राहिला होता. कालच बेदाणे साध्या पाण्यात टाकून ठेवले होते, ते आज टम्म फुगले. तेच बेदाणे साखरेच्या घट्ट पाकात टाकले, तर उद्या आक्रसतील. मी पोरांना नेहमीच्या पद्धतीने सांगितलं: पेशीभोवती पडदा असतो. पाण्याला तो सहज आत-बाहेर जाऊ देतो, मीठ-साखरेला असं मोकळं सोडत नाही. बाहेरचं पाणी पातळ असेल, म्हणजे त्यात विरघळलेलं काही कमी असेल, तर पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. बाहेर घट्ट असेल तर आतलं पाणी बाहेर येतं. पाण्याला कुणी ढकलावं लागत नाही, ते आपलं आपण जातं.

मागच्या बाकावरची आरती उठून म्हणाली, "सर, मग आपल्या पेशी का फुगत नाहीत? आपण तर एवढं पाणी पितो." प्रश्न चांगला होता. मी सांगितलं की रक्तात मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं आणि ते शरीर सांभाळतं. तास छान झाला. असे तास झाले की घरी चालत यावंसं वाटतं.

१ डिसेंबर, रविवार

प्रेशर १२८. मशीनने दोनदा बघितलं.

शुक्रवारी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. दादाभाऊ सरांच्या वडिलांनाही प्रेशर आहे. मी त्यांना मीठ आणि पाण्याचं सगळं समजावलं, सरांनी लिहून घेतलं. त्यांना एक दिवस जेवायला बोलवावं म्हणतो.

आज आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, पण आकडा इतका चांगला असताना उगाच सुई कशाला टोचायची. पुढच्या आठवड्यात बघू.

आईचं जेवण कमी झालंय. भाकरी कुस्करते आणि ताट सरकवते. "तोंडाला चव न्हाई. मळमळतंय," म्हणते. मी म्हटलं, आठ दिवसांत सवय होईल. खरं कारण वेगळं आहे. तिला वाडीला जायचंय. भात भरून ठेवलंय की नाही, म्हशीला कोण बघतंय, हेच चालू असतं. तिला इथे करमत नाही आणि ते ती पोटावर काढते.

५ डिसेंबर

आज फार चिडलो.

गेले दोन-तीन दिवस आई दिवसाही झोपते. उठवलं तर डोळे उघडते, परत मिटते. काल तिने गॅस चालू ठेवला. उज्ज्वलाला दोनदा "शेवंते" म्हणाली. शेवंता तिची बहीण, तिला जाऊन वर्षं झाली. आज संध्याकाळी आलो तर बाथरूमच्या दाराशी ओलं होतं आणि आई भिंतीला धरून उभी होती. मी म्हटलं, दोन पावलांवर बाथरूम आहे, तुला जाता येत नाही?

तिला खोलीत नेताना पदराला गाठ दिसली. "काय बांधलंयस?" तिने गाठ मुठीत धरली. मी सोड म्हणालो, तिने सोडली नाही. शेवटी मी तिची बोटं एकेक करून उघडली आणि गाठ सोडली. आत खडेमीठ होतं. शेजारच्या काकूंकडून मागून आणलं होतं आणि अधूनमधून एकेक खडा जिभेवर ठेवत होती. मी ते बेसिनमध्ये टाकलं.

उज्ज्वला दारात उभी होती. म्हणाली, "असं करायला नको होतं तुम्ही."

"मग मरू दे का तिला?"

"आईच्या पदराला हात घातलात."

मी म्हणालो की हे व्यसन आहे, तंबाखूसारखंच. बोलताना बरोबर वाटत होतं. आता तिची बोटं आठवतात. अजिबात जोर नव्हता त्यांच्यात.

८ डिसेंबर, रविवार

दादाभाऊ सर आणि वहिनी आज जेवायला येऊन गेले. पुन्हा त्यांना तोंड कसं दाखवू, कळत नाही.

आईला मी आधीच सांगितलं होतं, आत पडून राहा, ताट आत देतो. आमची पानं वाढली आणि आई बाहेर आली. लुगडं नीट नेसलेलं नव्हतं, केस सुटलेले. सरांच्या पानासमोर खाली बसली आणि त्यांच्या ताटातलं मीठ बोटाने उचलून तोंडात घातलं. मग त्यांनाच विचारलं, "माजा सुनील कुठं गेला वो? सकाळपासनं दिसंना."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "या तुमच्या आई होय?" त्यांना स्टँडवरचं आठवलं असणार. तसं तोंडावर दिसलं.

मी आईला दंडाला धरून आत नेलं, दार लावलं. "नाटकं बंद कर. गावाला जायचंय तर सरळ सांग, माणसांसमोर माझी लाज काढू नकोस," असं म्हणालो. आवाज हळू ठेवला होता, पण बाहेर गेला असेल.

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हात जोडून म्हणाली, "बरं सायेब."

मला टोमणा मारला. स्वतःच्या मुलाला साहेब. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन पाहुण्यांना बासुंदी वाढली.

१३ डिसेंबर, शुक्रवार. मंचर, दवाखाना

तीन दिवस इथेच आहे. डायरी उज्ज्वलाने पिशवीत टाकून आणली, प्रेशरचे आकडे डॉक्टरांना दाखवायला. आता ती माझ्याकडे आहे. मागची पानं वाचली.

मंगळवारी सकाळी मी शाळेत जायला बूट घालत होतो. उज्ज्वलाची हाक आली. आई पलंगाखाली पडली होती, हातपाय ताठ, अंग झटके देत होतं, तोंडाला फेस. शेजाऱ्यांनी गाडी काढली. मंचरला पोचेपर्यंत झटके थांबले होते, पण ती हाकेला ओ देत नव्हती.

डॉक्टर मॅडम तरुण आहेत. त्यांनी रक्त पाठवलं आणि मला विचारलं, औषध कोणतं चालू आहे, जेवण कसं आहे, पाणी किती पितात.

मी म्हणालो, "जेवण साधंच. पाणी आपलं... प्यायच्या तेवढं."

हे मी का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. आई शेजारच्या पलंगावर बेशुद्ध होती, तोंडाला नळी, आणि मला भीती वाटली ती या बाईंना मी अडाणी वाटेन याची.

उज्ज्वला पुढे झाली. "नाही मॅडम. तीन आठवडे मीठ पूर्ण बंद आहे. पाणी मोजून पाजलंय, रोज दोन मोठ्या बाटल्या. त्यांना नको असलं तरी." ती माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात रिपोर्ट आला. रक्तातलं सोडियम १०८. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. मॅडम समजावू लागल्या, "रक्त पातळ झालंय. गोळीने मीठ काढलं, जेवणातून आलं नाही, वरून पाणी भरपूर. मग पाणी पेशींमध्ये शिरतं. बाकीच्या शरीरात पेशी थोड्या फुगल्या तर चालतं, पण मेंदू कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. मळमळ, झोप, बडबड, माणसं न ओळखणं, शेवटी फिट. गेले काही दिवस यातलं काही दिसलं नाही का तुम्हाला?"

सगळं दिसलं होतं. ओळीने दिसलं होतं, तारखेसकट या पानांवर आहे.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"शिक्षक आहे."

"विषय?"

"विज्ञान."

त्यांनी रिपोर्ट फाइलला लावला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरला हाक मारून सलाईनचं सांगू लागल्या.

१४ डिसेंबर

सोडियम ११६. मी मॅडमना विचारलं, भराभर का वाढवत नाही, मीठच तर द्यायचंय. त्या म्हणाल्या, "पहिल्या तासात, पुन्हा फिट येऊ नये म्हणून, घट्ट सलाईन थोडं दिलं. आता सावकाश. इतके दिवस पाणी आत येत होतं तेव्हा मेंदूच्या पेशी गप्प नव्हत्या. त्यांनी आपल्या आतले क्षार बाहेर टाकले, म्हणजे पाणी कमी ओढलं जाईल. तशा त्या जगल्या. आता बाहेर एकदम मीठ वाढवलं तर उलटं होईल, पाणी झपाट्याने बाहेर येईल आणि त्या आक्रसतील. मग माणूस वाचतो पण हालचाल, बोलणं जाऊ शकतं."

बेदाणे पाकात टाकल्यावर आक्रसतात, हे मी पोरांना सांगितलं आणि ते माझ्या आईच्या डोक्यात चाललं होतं.

आरतीच्या प्रश्नाला मी म्हणालो होतो, शरीर सांभाळतं. ते सांभाळतच होतं. पेशी सोडियम सतत बाहेर ढकलत असतात, त्यासाठी अन्नातली शक्ती खर्च करतात. मूत्रपिंड धडपडत होतं. जीभ मीठ मागत होती आणि आई शेजारणीकडे जाऊन ते मागून आणत होती. सगळे मिळून तिला वाचवायला बघत होते. आड येणारा मी एकटाच होतो.

दुपारी कुशाबामामा आले. वाडीतून पायी उतरून, मिळेल त्या जीपने. आईच्या पायाशी बसून रडले. मग माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, तू व्हता म्हनून. वर आसती तर आमी देवरुषी बघत बसलो आसतो."

मी त्यांना चहा पाजायला नेलं. काही बोललो नाही. उज्ज्वला समोर होती, तीही गप्प राहिली. रात्रीचा डबा देताना एवढंच म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. ते तुमचं काम आहे."

१७ डिसेंबर

१२९. आईने डोळे उघडून मला ओळखलं. "सुनील, भात भरलं का रं?" जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

मी भरलं म्हणालो. तिने इकडेतिकडे बघितलं, सलाईन बघितलं, मग हात जोडायला लागली. एका हाताला सुई होती, म्हणून नीट जोडता येईना. "लई तरास दिला तुला. साळा बुडाली तुजी."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. एका मावशींनी विचारलं, काय झालं, गेलं का कोण?

१९ डिसेंबर

शाळेत गेलो, दोन तासांसाठी. एक काम करायचंच होतं. दादाभाऊ सरांना बाजूला घेतलं आणि त्यांच्या वडिलांचं रक्त तपासून घ्या म्हणालो. का, ते सांगावं लागलं. सांगताना मी सुरुवातीला "त्या गोळीमुळे असं झालं" म्हणून गेलो. मग थांबलो आणि पहिल्यापासून सांगितलं. गोळी बरोबर होती. पंधरा दिवसांनी या म्हणालेले डॉक्टर बरोबर होते. गेलो नाही तो मी.

सर म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याने चार दिवसांत ताट भिरकावलं. म्हणाला, अळणी खाऊन जगायचं न्हाई मला. त्यामुळे ते राहिलंच." मग म्हणाले, "बरं झालं ना, ऐकलं नाही ते."

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. पण नंतर स्टाफरूममध्ये मी आत गेलो की बोलणं थांबत होतं. आरती जिन्यात भेटली, "सर, आजी बऱ्या आहेत का?" मी हो म्हणालो आणि तिच्याकडे बघू शकलो नाही.

२५ डिसेंबर

आईला सोडलं. ती म्हणाली, "वाडीला." मी म्हणालो, आई, आधी घरी चल, थोडे दिवस. तिने पुन्हा तेच सांगितलं, "वाडीला." मॅडमनी गोळी बदलून दिली. जेवणात नेहमीचं मीठ थोडं कमी, पाणी तहानेप्रमाणे, दर आठवड्याला रक्ततपासणी. आठवड्याचं काम मी करणार, घोडेगावला घेऊन जाणार. तेवढंच माझ्याकडे राहिलं आहे.

जीपमधून उतरताना तिने माझा हात धरला नाही, उज्ज्वलाचा धरला.

१२ जानेवारी, रविवार. वाडी

आज सांगितलं.

रक्ताचा दुसरा रिपोर्ट चांगला आला म्हणून आईला बघायला माणसं येत होती. ओसरीवर सात-आठ जण असतील. आई भिंतीला टेकून नाचणी निवडत होती. मामा माझं कौतुक सांगत होते, मास्तरनं कशी गाडी काढली, कसं मंचर गाठलं. मी खाली बघत बसलो होतो. आजवर असाच बसत आलोय.

तेवढ्यात पलीकडच्या घरच्या गोजरबाई म्हणाल्या, "मास्तर, माजं बी पेशर हाय. कोंडाबाईला तुमी बरी केली. नातू म्हनतो मीठ सोड आन् पानी पी. किती दिस सोडू, तुमी सांगा. तुमी सांगाल तसं करते."

त्या खरोखरच करणार होत्या. त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, "नका सोडू. मी आईला बरं नाही केलं, मीच आजारी पाडलं." मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि मी काय केलं. रेघा मारलेल्या बाटल्या. पदराची गाठ. पाहुण्यांसमोरून दंडाला धरून नेलं ते, आणि दवाखान्यात खोटं बोललो तेही. मध्ये पाणी मागावंसं वाटलं, पण मागायची लाज वाटली.

मामा उठले, चपला घातल्या आणि अंगणातून सरळ खाली निघून गेले. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आईला म्हणालो, "आई, तुला एवढं होत होतं, तर तू सांगितलं का नाहीस?"

तिने सुपातून मान वर केली. "सांगत व्हते की. तू त्याला नाटकं म्हनला."

मला वाटत होतं, ते दिवस तिच्या डोक्यातून पुसले गेलेत.

"मिठाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शिकल्याला मानूस बी चुकतो. पर मला काय व्हतंय, ते तू येकदा तरी इचारलं का? मी हिंडत व्हते घरातनं, डोकं जड, पाय कुठं पडतोय ते कळंना. तू आला की, पानी किती प्याली. जाताना, पानी किती प्याली. बाटलीकडं बघायचा. माज्या तोंडाकडं न्हाई."

गोजरबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे कोंडाबाई. पोरगं हाय."

"पोरगं हाय म्हनूनच सांगते," आई म्हणाली आणि परत नाचणी निवडायला लागली.

गोजरबाईंना उद्या रक्त तपासायला घोडेगावला पाठवायचं, नातवाला फोन करून मी सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार. वाडी

मामा अजून बोलत नाहीत. मी ओसरीवर असलो तर आत येत नाहीत.

आज जेवण झाल्यावर आईजवळ बसलो. "तुला कसं वाटतंय?" एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं अवघड जातं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं हाय," म्हणाली. मग म्हशीचं सांगितलं, मामाच्या सुनेचं सांगितलं. यंदा शेंगदाणा किडका निघाल्याचं सांगितलं. मला वाटलं, झालं. मग डावा हात पुढे केला.

"ह्यात पकड ऱ्हात न्हाई. दवाखान्यातनं आल्यापासनं. तांब्या पडतो, धार काढाया बसले तर बोटं आखडत्यात. कुणाला सांगितलं न्हाई."

माझ्या मनात चार कारणं आणि तीन उपाय आले. पेशी आक्रसल्याचंही आलं. मी म्हणालो, "मग काय करूया?"

तिने विचार केला. मला आठवत नाही, मी याआधी तिला कधी विचार करायला वेळ दिला होता.

"त्या बाईडाक्टरकडं जाऊ. पर तिला मी सांगीन. तू भायेर बस."

१० फेब्रुवारी, सोमवार

मंचरला गेलो. आई आणि उज्ज्वला आत, मी बाहेर बाकावर. दार लोटलेलं होतं. आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती एवढं सलग बोलते हे मला माहीत नव्हतं. मध्ये एकदा तिघी हसल्या. मग पुन्हा आईचाच आवाज, बराच वेळ, जरा खालच्या पट्टीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"हाताचा व्यायाम दिलाय. रबरी चेंडू घ्यायचाय. सुदरंल म्हनाली." पिशवी खांद्याला लावत पुढे म्हणाली, "बाकीचं माजं नि तिचं."

उज्ज्वला खाली बघून हसू दाबत होती. आईला चहा हवा होता, म्हणून समोरच्या हॉटेलात गेलो. मी तिला विचारलं, साखर किती? तिने सांगितलं. तेवढी सांगितली.

त्या बाकावर बसलो होतो तेवढा वेळ माझ्या डोक्यात एकच होतं, आत ती माझ्याबद्दल काय काय सांगत असेल. उठून दाराशी जावंसं वाटलं, नाही गेलो.

सांगू दे.